सतरा खोल्यांचा हिशेब

आषाढ पौर्णिमेपासून आमच्या वसाहतीतल्या विहारात दर रविवारी सायंकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन असते. वाचनाचे काम बहुधा आमच्याकडे येते. कारकुनाला मोठ्याने वाचायची सवय असते असा लोकांचा समज आहे. वास्तविक कारकून जन्मभर तोंडातल्या तोंडात बेरजा करतो. असो. गेल्या वर्षावासात गृहस्थांच्या विनयाचे प्रकरण चालू होते. त्यात मालक आणि नोकर यांनी एकमेकांशी कसे वागावे हा भाग आला. तथागतांनी सिगाल नावाच्या तरुणाला केलेला हा उपदेश. मालकाने नोकराला त्याच्या शक्तीप्रमाणे काम नेमून द्यावे, त्याला अन्न आणि वेतन द्यावे, आजारात त्याची काळजी घ्यावी, घरात चांगलेचुंगले झाले तर त्यातले द्यावे, आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी, अशा पाच गोष्टी. आम्ही पहिली गोष्ट वाचून श्वास घ्यायला थांबलो, तोच मागच्या सतरंजीवरून आवाज आला,

“भाऊ, त्या सतरा खोल्या कुनी ठरवल्या व्हत्या?”

विचारणारी ताई आमच्याच गल्लीतली आणि आमच्याच हॉटेलात हाउसकीपिंगला कामाला. पंधरा दिवसांपूर्वीच घाटीतून घरी आली होती. सभेतल्या बाकीच्यांना प्रश्न समजला नाही. त्यांना वाटले, ताई कुठल्या लेण्यातल्या खोल्यांविषयी विचारते आहे. एका आजोबांनी तर वेरूळच्या तीन ताल लेण्याची माहिती द्यायला सुरुवात केली. आम्हाला मात्र नेमके समजले होते. आम्ही मान खाली घातली आणि दुसरी गोष्ट वाचायला घेतली.

त्या प्रश्नाचे उत्तर विहारात देण्याचे धैर्य आम्हाला झाले नाही. ते येथे देत आहोत.

आम्ही छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, एका पर्यटक हॉटेलच्या हिशेब खात्यात कारकून आहोत. हॉटेलाचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे आमच्याकडे घडले ते थोड्याफार फरकाने शेजारच्या हॉटेलातही घडते. अजिंठा आणि वेरूळ ही दोन्ही लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि तेव्हापासून आमच्या शहरात देशोदेशीचे पाहुणे येतात. जपान, थायलंड, श्रीलंका इथले बौद्ध यात्रेकरू येतात. दिवाळीपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत हंगाम. मे महिन्यात हॉटेलच्या व्हरांड्यात कबुतरे फिरतात, आणि ठेकेदाराच्या यादीतली निम्मी नावे खोडली जातात.

आमच्या समाजातील मुलेमुली आता या धंद्यात मोठ्या संख्येने जात आहेत. वसाहतीतली चार मुले हॉटेल मॅनेजमेंट शिकत आहेत. पालक आम्हाला विचारतात, “भाऊ, लाइन चांगली आहे का?” या प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. पगारपत्रक आमच्या हाताखालून जाते, म्हणून एवढे सांगतो की आमच्या हॉटेलात पुढच्या बाजूला, म्हणजे स्वागतकक्षात आणि कॅप्टनच्या कोटात, आपली आडनावे थोडी आहेत. मागच्या बाजूला, म्हणजे खोल्या, लॉन्ड्री आणि भांडी घासण्याच्या जागी ती पुष्कळ आहेत. कुणी तसा लेखी नियम केलेला नाही. तसा नियम लिहायला या देशात कुणाला लागतच नाही.

आता सतरा खोल्यांकडे वळतो.

२०२४ च्या दिवाळीच्या आधी आमच्या हॉटेलला ‘हरित हॉटेल’ असे प्रमाणपत्र घ्यायचे ठरले. ही गोष्ट वाईट मुळीच नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. आमचे शहर पैठणच्या जायकवाडीवर जगते. २०२२ च्या उन्हाळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येत होते. लोक हंडे घेऊन मोर्चात उतरले होते. हॉटेल टँकर विकत घेऊ शकते, आमची वसाहत घेऊ शकत नाही. हॉटेलातले पाणी वाचले तर ते आम्हाला हवेच होते. साहेबांनी नळांना नवीन तोट्या बसवल्या, गच्चीवर पाणी तापवायला सौर पाट्या आल्या, बागेला सांडपाणी शुद्ध करून देऊ लागले. आणि प्रत्येक खोलीत एक छापील कार्ड ठेवले, की टॉवेल खुंटीवर टांगलात आणि हे कार्ड पलंगावर ठेवलेत तर आम्ही आज चादर-टॉवेल बदलणार नाही, तेवढेच पाणी वाचेल. पाहुण्यांना ती कल्पना आवडली. लॉन्ड्रीच्या कपड्यांचे वजन आम्ही रोज लिहितो. दोन महिन्यांत ते एक-पंचमांशाने उतरले.

तेव्हा साहेबांनी आम्हाला बोलावून विचारले, “लॉन्ड्री वीस टक्के कमी झाली, मग हाउसकीपिंगचे काम किती कमी झाले? काढा जरा.”

आम्ही बी. कॉम. आहोत. आम्ही काढले. तेव्हा एका बाईला दिवसाला चौदा खोल्या असत. चौदावर वीस टक्के चढवले तर सोळा पूर्णांक आठ. पॉइंट आठची बाई नसते आणि पॉइंट आठची खोलीही नसते, म्हणून आम्ही सतरा केले. हॉटेल भरलेले असले की चौऱ्याऐंशी खोल्या. चौदाने भागले तर सहा बाया लागतात, सतराने भागले तर पाच पुरतात. आम्ही खाली लिहिले, ‘बचत : एक.’ साहेब खूश झाले. आम्हालाही समाधान वाटले, खोटे कशाला सांगावे? त्या महिन्यात प्रमाणपत्राची पितळी पाटी स्वागतकक्षाच्या भिंतीवर लागली. त्या दिवशी सगळ्यांना पेढे मिळाले. हाउसकीपिंगच्या बायांना मात्र ते चार वाजता लॉन्ड्रीच्या बोळात मिळाले, कारण पाटी लावली तेव्हा त्या वर खोल्यांत होत्या.

ताई पुढे जूनमध्ये आजारी पडली. ताप येई, कंबर धरे, थंडी वाजे. तिला वाटले पाळीचे दुखणे असेल. मग एका रात्री तिच्या मुलाने आम्हाला हाक मारली आणि आम्ही रिक्षा करून तिला घाटीत नेले. लघवीच्या मार्गातला जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, “दिवसभरात पाणी किती पिता?”

ताई म्हणाली, “ड्युटीवर पित न्हाई.”

“का?”

“पेलं की जावं लागतं.”

हे आम्ही खाटेशेजारी उभे राहून ऐकले. आमच्या सौभाग्याचा भाग असा की त्या वेळी डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडे पाहिले नाही. हॉटेलचा नियम असा आहे की पाहुण्याच्या खोलीतला संडास कामगाराने वापरायचा नाही. ती बाई रोज सतरा संडास घासते, पण त्यातला एकही तिला चालत नाही. कामगारांचा संडास तळघरात, लॉन्ड्रीच्या मागे. ताई चौथ्या मजल्यावर. सर्व्हिस लिफ्ट एकच, तिच्यात जेवणाच्या ट्रॉल्या. जाऊन यायला पंधरा मिनिटे. सतरा खोल्या झाल्यापासून बायांनी आपापसात एक तोड काढली होती. सकाळी घरून निघताना पाणी प्यायचे आणि मग घरी गेल्यावरच. ज्या हॉटेलने महिन्याला किती पाणी वाचवले ते पाटीवर लिहिले, तिथल्या बायांनीही पाणी वाचवलेच होते. आमच्या वहीत मात्र ते कुठे आले नव्हते.

वाचकांना बाबासाहेबांच्या आठवणी ठाऊक आहेत. १९१७ साली ते बडोद्यास नोकरीवर रुजू व्हायला गेले, तेव्हा परदेशातून शिकून आलेल्या या माणसाला कुठल्या हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती. पारशी विश्रामगृहात पारशी नाव लिहून ते राहिले, आणि अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. १९३४ साली ते सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यावर त्यांनी हौदाच्या पाण्याने धुळीचे तोंड-पाय धुतले, म्हणून पाणी बाटवल्याचा गिल्ला झाला. शेवटी किल्ला पाहू दिला, पण पाण्याला कुणी हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. आमच्या हॉटेलातून दौलताबादला रोज गाड्या जातात. मार्गदर्शक पाहुण्यांना किल्ल्याचा खंदक दाखवतात, अंधारी दाखवतात. हौदाची गोष्ट सांगताना आम्ही तरी कुणाला ऐकले नाही. त्या दिवशी घाटीच्या जिन्यात बसून आम्हाला हे दोन्ही प्रसंग आठवले. शिपाई आता सोबत येत नाही. त्याच्या जागी आमचा कागद होता.

ताईने विहारात जो प्रश्न विचारला तो तिला उत्तर माहीत नव्हते म्हणून नव्हे. सुपरवायझर मॅडमनी केव्हाच सांगून टाकले होते की आकडा हिशेब खात्यातून आला. ती फक्त आम्ही काय म्हणतो ते पाहत होती. घरी आल्यावर आमच्या पत्नीने ताट वाढले आणि म्हणाल्या, “तुम्ही एक दिवस तिच्याबरोबर करून तरी पाहा ना, काय काय असतं ते.” त्या स्वतः अंगणवाडीत आहेत. कागदावरचे काम आणि हातातले काम यांतला फरक त्यांना शिकवावा लागत नाही.

ऑक्टोबरमध्ये ताई कामावर परतली. आम्ही साहेबांकडे एका दिवसाची परवानगी मागितली. कारण लिहिले, ‘लिनन तपासणी.’ आणि आमच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मनगटावर घड्याळ, खिशात वही, असे सकाळी आठ वाजता चौथ्या मजल्यावर हजर झालो.

पहिल्याच खोलीत आमचा भ्रम फिटला. आम्ही समजत होतो, खोली करणे म्हणजे चादर बदलणे. चादर ही तर त्यातली शेवटून तिसरी गोष्ट. आधी कचरा काढायचा. मग बाथरूम. कमोड, बेसिन, काच, शॉवरची जाळी, कोपऱ्यातले केस, आणि मग सगळी फरशी कोरडी, कारण ओल्या फरशीवर पाहुणा घसरला तर बाईचे नाव जाते. मग पलंग. आजकालच्या गाद्या इतक्या जड असतात की आम्ही एक कोपरा उचलला आणि पाठीतून कळ गेली. एका गादीला चार कोपरे. दोन पलंगांच्या खोलीत आठ. चादर कोपऱ्यात घडी घालून खोचताना ताई एका गुडघ्यावर बसे आणि गादीच्या काठाला धरून उठे. आम्ही वहीत कोपरे मोजायला लागलो आणि साठानंतर सोडून दिले. मग धूळ, पडदे, चहाची किटली, पाण्याच्या बाटल्या, कागद, पेन, चप्पल. मग व्हॅक्यूम. आणि मग पुन्हा एकदा दारातून मागे वळून पाहायचे.

वेळा लिहिल्या त्या अशा. पाहुणा सोडून गेलेली खोली, म्हणजे चेक-आउट, ३२ मिनिटे. मुक्कामी पाहुण्याची खोली, चादर बदलून, २८ मिनिटे. मुक्कामी पाहुण्याची खोली, पलंगावर ते पाणी वाचवण्याचे कार्ड, २३ मिनिटे. म्हणजे ज्या कार्डाच्या भरवशावर आम्ही तीन खोल्या वाढवल्या, त्या कार्डाने एका खोलीमागे पाच मिनिटे वाचत होती. बाथरूम तेवढेच, धूळ तेवढीच, पलंग जुन्याच चादरीने पुन्हा ताणून लावायचा. त्या दिवशी ताईकडे आठ चेक-आउट होते. आठ गुणिले बत्तीस, दोनशे छप्पन. चादर बदललेल्या तीन खोल्या, चौऱ्याऐंशी. कार्डाच्या सहा, एकशे अडतीस. बेरीज चारशे अठ्ठ्याहत्तर मिनिटे. आठ तासांची मिनिटे चारशे ऐंशी.

दोन मिनिटे उरत होती. त्या दोन मिनिटांत जेवण, लिफ्टची वाट, ट्रॉली भरणे, पाणी, आणि तळघरापर्यंत जाणे-येणे.

ताईने त्या दिवशी डबा ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात ठेवला होता. भाकरीचा एक घास ती चौथ्या खोलीनंतर घेई, एक सहाव्या. आम्ही म्हणालो, “ताई, बसून खा ना.” ती म्हणाली, “भाऊ, बसलं की घड्याळ बसत न्हाई.” दुपारी लिनन रूममध्ये गेलो, तिथे एक म्हातारा शिंपी फाटलेल्या चादरी तपासत होता. मोठी चादर फाटली की तिचे उशीचे अभ्रे, अभ्रे विरले की फडकी, आणि फडक्यांचे पोछे. आम्हाला विनयपिटकातली आनंदांची गोष्ट आठवली. उदेन राजाने विचारले, एवढ्या चीवरांचे काय करणार? आनंद म्हणाले, जुन्या चीवरांची पांघरुणे करू, पांघरुणांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची बैठकीची आसने, मग पायपुसणी, मग फडकी, आणि शेवटी फडकी कुटून मातीत मिसळून जमीन सारवू. धंद्यातली काटकसर कशी करावी याचा इतका चांगला पाठ आमच्या कॉलेजात कुणी दिला नव्हता. पण आमच्या हॉटेलात आनंदांची ही रीत चादरीपेक्षा बायांनाच जास्त लावली जात होती. तरुण आहे तोवर खोल्या, गुडघे दुखू लागले की जिने आणि व्हरांडे, मग लॉन्ड्री, मग भांडी, आणि मग एखाद्या मे महिन्यात ठेकेदाराच्या यादीतून नाव गेले की कुणी विचारत नाही.

त्या रात्री आम्ही नव्याने हिशेब मांडला. कार्ड येण्यापूर्वीच्या चौदा खोल्या निम्म्या चेक-आउट धरून चारशे वीस मिनिटांत होत. उरलेल्या साठ मिनिटांत अर्धा तास जेवण आणि अर्धा तास बाकीचे सारे. आता कार्डामुळे काही मिनिटे वाचतात हे खरे, ते नाकारून चालणार नव्हते. आम्ही पंधरा खोल्या धरून पाहिल्या. सात चेक-आउट, तीन बदललेल्या, पाच कार्डाच्या. चारशे तेवीस मिनिटे. म्हणजे एवढ्या गाजावाजाच्या कार्डाने खरोखर वाचवली ती एक खोली. तीन नव्हे. चौऱ्याऐंशीला पंधराने भागले की पुन्हा सहा बाया लागतात. आम्ही ‘बचत : एक’ असे जे लिहिले होते ते सरळसरळ चूक होते.

दुसरा कागद केला तो गळतीचा. नोव्हेंबर ते जून या आठ महिन्यांत पाच जागांवर मस्टरमध्ये बारा नावे लागली होती. नवी बाई आली की तिला तीन आठवडे जुनीबरोबर फिरवावे लागते. तिचा गणवेश, बूट, ओळखपत्र. तिच्या हातून राहिलेला केस, विसरलेला टॉवेल, आणि त्यापायी पाहुण्याच्या बिलात दिलेली सूट. ही सुटीची व्हाउचर आमच्याच टेबलावर येतात, पण ती आजवर ‘किरकोळ’ या सदरात पडत. सगळी बेरीज केली. सहाव्या बाईच्या आठ महिन्यांच्या पगारापेक्षा ती दीड हजाराने जास्त भरली.

मार्च २०२० मध्ये लेणी बंद झाली आणि डिसेंबरपर्यंत उघडली नाहीत, तेव्हा आमच्या हॉटेलने ठेक्यावरच्या सगळ्यांना घरी पाठवले होते. पुढे पाहुणे परतले, पण जुने हात परतले नाहीत. कुणी वाळूजला कंपनीत गेले, कुणी भाजीची गाडी लावली. पाहुण्याला नावाने ओळखणारा एक रूमबॉय मिळेना. तेव्हा हळहळणारे साहेब हेच होते. कागदाला ती आठवणही जोडावी असे वाटले, पण ती तोंडी सांगितली.

साहेबांनी दोन्ही कागद पाहिले. चष्मा काढला. म्हणाले, “सतराचा आकडा तुम्हीच दिला होता ना?”

आम्ही म्हणालो, “हो साहेब. चुकला होता.”

वीस वर्षांच्या नोकरीत हे वाक्य आम्ही प्रथमच उच्चारले. कारकुनाने चूक कबूल करायची नसते, ती पुढच्या महिन्यात जमा-नोंदीने सारखी करायची असते. साहेब बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण प्रमाणपत्रासाठी पाण्याचे आकडे लागतात. बायांचे आकडे कुणी मागत नाही.” हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही त्यांना अजिंठ्याचे उदाहरण दिले. फर्दापूरच्या फाट्यावर गाड्या थांबवतात, पुढे चार किलोमीटर ठरलेल्या बसनेच जावे लागते. चित्रांच्या लेण्यात एका वेळी ठरावीकच माणसे सोडतात, कारण माणसांच्या श्वासाचा दमटपणा रंगांना सोसत नाही. तिथे कुणी असे म्हणत नाही की आज गर्दी आहे, दुप्पट सोडा. पंधराशे वर्षे टिकलेली चित्रे पाहायला लोक येतात म्हणून आपले हॉटेल चालते. चित्राला किती सोसते हे मोजले, तसे बाईला किती सोसते तेही मोजावे, एवढेच आमचे म्हणणे. साहेब हसले. म्हणाले, “तुम्ही विहारात बोलता तसे बोलू नका.” पण कागद ठेवून घेतले.

पंधरा दिवसांनी पंधरा खोल्यांचा हुकूम निघाला आणि सहावी बाई आली. दुसऱ्या मजल्यावरच्या पँट्रीला लागून एक कुलूपबंद संडास होता, त्यात मोडक्या दिव्यांच्या छत्र्या आणि नाताळचे झाड भरून ठेवले होते. तो मोकळा करून बायांना दिला. चौथ्या मजल्यावर अजून काही नाही. ट्रॉलीला पाण्याची बाटली ठेवायला जागा केली. ठेक्यावरच्या बाया डबा लॉन्ड्रीच्या बोळात खात, त्यांना कॅन्टीनमध्ये बसू द्या ही मागणी मान्य झाली नाही. जागा नाही असे सांगतात. आम्ही मध्यंतरी लेकरांना वेरूळला नेले होते. तिथल्या पाचव्या लेण्याला लोक महारवाडा म्हणतात. पावसाळ्यात आपली माणसे तिथे आसऱ्याला राहत, म्हणून ते नाव पडले असे सांगतात. आत समोरासमोर दगडाच्या दोन लांबलचक बैठका आहेत. भिक्खू तिथे जेवायला किंवा पठणाला बसत असावेत असे जाणकार मानतात. धाकट्या मुलीने विचारले, “साहेब कुठे बसायचे?” आम्ही बैठकीची उंची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने मोजून दाखवली. सगळीकडे सारखीच.

या लाइनमध्ये लेकरांना घालू इच्छिणाऱ्या पालकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. त्यांप्रमाणे प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र मिळाले पाहिजे. ते मागून घ्या, त्यावर पद काय लिहिले आहे ते वाचा. राज्य विम्यासाठी पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालक सव्वातीन टक्के भरतो, हा जुलै २०१९ पासूनचा दर. कापतात, मग कार्ड का नाही, हे विचारायला लाजू नका. ताईचे पैसे कापले जात होते, पण तिचे कार्ड ठेकेदाराच्या कपाटात होते, म्हणून तिला विम्याच्या दवाखान्याऐवजी घाटीत न्यावे लागले. ठेकेदाराने भविष्यनिर्वाह निधी बुडवला तर मूळ मालक जबाबदार असतो, हे कायद्यात आहे. मुलीला रात्रपाळी असेल तर २०१३ च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समिती आहे का आणि तिच्यात कोण कोण आहे, ते पहिल्याच दिवशी विचारावे. कारखान्यातल्या आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासांचा कायदा १९४६ साली झाला. तो मांडणारे मजूर खाते बाबासाहेबांचे होते. ताईच्या घड्याळातले चारशे ऐंशी मिनिटे तिथूनच आलेले आहेत.

गेल्या रविवारी विहारातून निघताना ताईने आम्हाला थांबवले. मुलाचा जुना फोन तिने पदराखालून काढला. निधीचा संदेश इंग्रजीत येतो, तिला तो वाचता येत नाही.

“भाऊ, बघा बरं, या महिन्याचं पडलं का?”

आम्ही चष्मा लावला. पडले होते. नाव मात्र एका अक्षराने चुकलेले होते, ते दुरुस्त करायला आता अर्ज करायचा आहे. ताई म्हणाली, मे महिन्याच्या आत करा. ठेकेदाराची यादी मेमध्ये निघते.